नारिंगी शंकूचा इतिहास

लग्नमुंजीचें जुनें चित्रण पाहण्याची हुक्की बहुतेक शहरी घरांत केव्हां ना केव्हां येते. इसवी सन २००० च्या आगेंमागें महाराष्ट्रांतल्या शहरांत जीं लग्नें लागलीं, त्यांचें ‘शूटिंग’ पुष्कळदां व्हिडिओ सीडीवर उतरवून मिळत असे. त्यापूर्वींची फितीची जाडजूड कॅसेट मागें पडत चालली होती, आणि चकचकीत तबकड्या कपाटांत येऊं लागल्या होत्या. एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटें मावत. म्हणून सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंतचा सोहळा दोन-तीन तबकड्यांवर वांटला जाई. आज वीस-पंचवीस वर्षांनीं ती तबकडी काढावी, तों तिच्यावर ओरखडे उमटलेले, ती चालविणारें यंत्र केव्हांच मोडींत गेलेलें, आणि नव्या संगणकाला तबकडी सरकविण्याची फटच नसलेली! घरांतला एखादा हौशी भाचा बाहेरून यंत्र जोडून आंतली फाइल मिळवितो. तिच्या नांवाच्या शेवटीं ‘डॅट’ अशीं अक्षरें असतात, आणि ती कशानें उघडावी हें संगणकाला उमगत नाहीं. मग तो भाचा पडद्यावरच्या एका लहानशा नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या शंकूवर टिचकी मारतो, आणि अंतरपाट दिसूं लागतो. मध्येंच चित्र चौकोनी तुकड्यांत विस्कटतें, आवाज क्षणभर खरखरतो, पुन्हां सांवरतो. पण खेळ थांबत नाहीं. दिवंगत झालेलीं माणसें अक्षता टाकतांना दिसतात, आणि खोलींतलें बोलणें बंद होतें.

रस्त्याचें खोदकाम चाललें असतां वाहनें वळविण्यासाठीं ठेवतात तसला तो शंकु ज्या आज्ञावलीचें चिन्ह आहे, तिचें नांव व्हीएलसी. आज्ञावली म्हणजे संगणकानें काम कसें करावें हें पायरीपायरीनें सांगणारें लिखाण. व्यवहारांत तिला सॉफ्टवेअर म्हणतात. व्हीएलसी हें चित्र दाखविणारें व ध्वनि ऐकविणारें सॉफ्टवेअर असून तें फुकट मिळतें. फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयीं संसारी माणसाच्या मनांत थोडा संशय असतो, आणि तो बहुधा योग्यच ठरतो. या वस्तूच्या बाबतींत मात्र फुकटपणा हा गौण गुण होय. तिचा मुख्य गुण दुसराच आहे. आणि तो तिच्या अंगीं कसा आला हें समजून घेण्यास पॅरिसनजीकच्या एका विद्यालयाकडे वळलें पाहिजे.

एकोल सांत्राल हें एंजिनिअरिंगचें विद्यालय १८२९ सालीं पॅरिस येथें स्थापन झालें. ज्याच्या नांवाचा लोखंडी मनोरा त्या शहरांत उभा आहे, तो गुस्ताव्ह आयफेल येथलाच १८५५ सालचा पदवीधर. पुढें विद्यालय शहराबाहेर शातने-मालाब्री येथें गेलें. तेथील वसतिगृहांत संगणकांचें जें जाळें होतें, तें विद्यार्थ्यांचीच एक संस्था चालवीत असे. जाळें जुन्या ‘टोकन रिंग’ पद्धतीचें होतें. सर्व संगणकांनीं एका कड्यांत बसावयाचें, बोलण्याचा अधिकार देणारें एक टोकन हातोहात फिरवावयाचें, आणि तें ज्याच्या हातीं येईल त्यानेंच बोलावयाचें, अशी ही रीत. सभेला ती शोभते. परंतु वसतिगृहांतल्या तरुणांना रात्रीं एकमेकांविरुद्ध संगणकावरचे लढाईचे खेळ खेळावयाचे होते. गोळी झाडल्यावर ती पलीकडे पोंचण्यास टोकनाची वाट पाहावी लागली, तर खेळांत रंग कसा भरावा?

विद्यार्थ्यांनीं नवें, वेगवान जाळें मागितलें. विद्यालयानें हात वर केले. पैसा हवा असेल तर उद्योगपतींकडे जा, असा सल्ला मिळाला. तेव्हां हे तरुण बांधकाम आणि दूरदर्शन अशा दोन्ही व्यवसायांत असलेल्या एका बड्या उद्योगसमूहाच्या दारीं गेले. तेथें खेळाचें नांव काढून भागणार नव्हतें. उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम घरोघर येऊं लागले होते, आणि प्रत्येक घराला एक छत्री व एक डिकोडर लागत असे. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक खोलीसाठीं निराळी छत्री बसविण्यापेक्षां सगळ्या आवाराला मिळून एकच मोठी छत्री बसवावी, आणि तींतून आलेलें चित्र संगणकांच्या जाळ्यावरून खोलोखोलीं पाठवावें, अशी योजना निघाली. अर्थात् इतकें चित्र वाहून नेण्यास जाळें वेगवान हवेंच! १९९६ सालीं या कल्पनेवर विद्यार्थ्यांचा अभ्यासप्रकल्प सुरू झाला. त्याचें नांव व्हिडिओलॅन. खेळासाठीं निघालेले तरुण अशा रीतीनें दूरदर्शनच्या कामाला लागले. आणि खेळहि मिळाला, हें सांगावयास नको.

या उगमांतच पुढल्या गुणाचें बीज आहे. नभोवाणीचें केंद्र एकदांच बोलतें आणि हजारों घरें ऐकतात. एखाद्या घरीं विजेच्या गडगडाटांत दोन शब्द बुडाले, म्हणून निवेदक ते पुन्हां उच्चारीत नाहीं. संगणकांच्या जाळ्यावरून चालणारें असलें प्रक्षेपणहि त्याच जातीचें असतें. चित्राचे बारीक बारीक तुकडे करून ते एकामागून एक धाडले जातात. कांहीं वाटेंत हरवतात, कांहीं उशिरां पोंचतात, आणि हरवलेला तुकडा पुन्हां मागविण्याइतका वेळ नसतो. म्हणून पलीकडे बसलेल्या आज्ञावलीला एक शहाणपण शिकवावें लागलें: जें हातीं आलें त्यावर चित्र उभें करावयाचें, जें आलें नाहीं त्याच्या ठिकाणीं क्षणभर विस्कटलेला चौकोन दाखवावयाचा, आणि पुढें चालावयाचें. तबल्याचा एखादा ठोका निसटला म्हणून गवई समेवर यावयाचा थांबत नाहीं, तसेंच हें.

इतर आज्ञावल्यांचें बालपण निराळें होतें. आपल्यासमोर सुस्थितींतली, पूर्ण फाइल येणार असें त्या धरून चालत. फाइलीच्या शेवटीं कित्येकदां एक अनुक्रमणिका असते. ती फाटली, कीं पुस्तकच उघडणार नाहीं असा त्यांचा हट्ट. व्हीएलसी अनुक्रमणिकेवांचूनहि पानें उलटूं लागे, आणि अर्धवट उतरलेली फाइलहि जेवढी आली तेवढी दाखवी. ओरखडे पडलेल्या लग्नाच्या तबकडीबाबत शातने-मालाब्रीच्या मुलांनीं कधीं विचार केला असण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या अडचणीनें जी संवय लागली, ती परक्या देशांतल्या कपाटांना उपयोगी पडली.

पहिल्या प्रयोगानंतर, १९९८ सालीं, नव्या तुकडींतील विद्यार्थ्यांनीं सर्व लिखाण पुन्हां पहिल्यापासून केलें. त्यांत दोन भाग होते. चित्र पाठविणारा तो ‘सर्व्हर’, आणि तें घेणारा तो ‘क्लायंट’. व्हिडिओलॅनचा क्लायंट, म्हणून व्हीएलसी. पाठविणारा भाग पुढें मागें पडला. घेणाऱ्या भागानें त्याचेंहि काम अंगावर घेतलें, आणि नांव मात्र तेंच राहिलें. पण लिखाणापेक्षां बिकट प्रश्न मालकीचा होता. या वेळीं विद्यार्थ्यांच्या मनांत तें सर्वांना खुलें करण्याचें होतें; परंतु विद्यालयांत झालेलें काम विद्यालयाच्या संमतीवांचून बाहेर देतां येत नव्हतें. अखेर ती संमति मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००१ पासून व्हीएलसी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे ज्याला लोक जीपीएल म्हणतात त्या परवान्याखालीं जगाला मोकळें झालें.

हा परवाना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें रूढ केला. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या त्याचें मूळ लिखाण गुप्त ठेवूं लागल्याचा त्याला संताप आला, आणि १९८३ सालीं त्यानें ग्नू नांवाची चळवळ जाहीर केली. जीपीएलची पहिली आवृत्ति १९८९ ची, दुसरी १९९१ ची. तिचें मर्म आपल्याकडील पोथीच्या उपमेनें उलगडेल. एखाद्यानें पोथी दिली, ती वाचण्यास, उतरून घेण्यास, तींत टीपा घालण्यास आणि दुसऱ्यास देण्यास पूर्ण मोकळीक ठेविली. अट एकच, कीं टीपांसह नवी पोथी ज्याला दिली जाईल त्यालाहि हीच मोकळीक असली पाहिजे. मधल्या कोणालाहि ती कुलुपांत घालतां येत नाहीं. इंग्रजींत मुक्त आणि मोफत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळें स्टॉलमनला आयुष्यभर खुलासे करीत बसावें लागलें. मराठींत हे दोन शब्द निरनिराळे आहेत. तरीहि आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरला ‘फुकटचें’ म्हणण्याचीच चाल पडली, ही खेदाची गोष्ट आहे.

दोन शब्दांतलें अंतर किती, हें विनॅम्पच्या हकीकतीवरून स्पष्ट होतें. जस्टिन फ्रँकेल या तरुण अमेरिकनानें १९९७ सालीं केलेलें विनॅम्प हें संगणकावर गाणीं ऐकण्याचें अत्यंत लोकप्रिय साधन. शतक संपतां संपतां आपल्याकडच्या सायबर कॅफेंतूनहि तें वाजत असे. तेंहि फुकट उतरवून घेतां येई. परंतु त्याचें मूळ लिखाण मालकाच्या पेटींत होतें. १९९९ सालीं अमेरिका ऑनलाइन या कंपनीनें तें मालकासकट विकत घेतलें. फ्रँकेल २००४ सालीं बाहेर पडला, साधन हळूहळू मागें पडलें, आणि २०१३ च्या अखेरीस तें बंद करण्याची घोषणा झाली. पुढल्याच जानेवारींत तें दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेलें. २०२४ च्या सप्टेंबरांत नव्या मालकांनीं मूळ लिखाण उघडें केलें खरें, पण बदललेली प्रत इतरांस देऊं नये अशी अट घातली. टीका झाली, आणि महिनाभरांत तें लिखाण त्यांनीं परत आंत घेतलें. लाखों लोकांनीं ज्यावर तारुण्य घालविलें, त्या वस्तूवर त्यांचा सुईच्या अग्राइतकाहि हक्क नव्हता. व्हीएलसीचें लिखाण २००१ नंतर विद्यालयालाहि परत मागतां आलें नसतें.

मोकळीक मिळतांच परदेशचे कारागीर येऊन मिळाले. विंडोज, मॅकिन्टॉश, लिनक्स अशा निरनिराळ्या घराण्यांच्या संगणकांवर व्हीएलसी चालूं लागलें. त्या काळीं या क्षेत्रांत मोठी जातिव्यवस्था होती. ॲपलचें क्विकटाइम १९९१ पासूनचें, रिअलऑडिओ १९९५ चें, आणि मायक्रोसॉफ्टची पद्धति आणखी तिसरी. एकाची फाइल दुसऱ्याच्या पंक्तीला बसत नसे. चित्र आणि ध्वनि आंवळून लहान करण्याच्या व पुन्हां उलगडण्याच्या युक्तीला कोडेक म्हणतात. हीं कोडेकें जालावर शोधीत हिंडणें हा तेव्हां हौशी माणसाचा नित्यनेम असे, आणि पुष्कळदां कोडेकाच्या नांवाखालीं विषाणु घरांत येत. व्हीएलसीनें हीं सर्व कोडेकें आपल्या पोटांतच ठेविलीं. यांतला मोठा वाटा त्याचा स्वतःचा नाहीं. फाब्रिस बेलार या फ्रेंच गणितज्ञ कारागिरानें २००० सालीं एफएफएमपेग नांवाचा प्रकल्प आरंभिला होता. तोहि मुक्त असल्यामुळें त्याचें धान्य व्हीएलसीच्या कोठारांत आलें. उलटपक्षीं व्हिडिओलॅनच्या छायेंत वाढलेली एक्स-२६४ ही चित्र आंवळण्याची आज्ञावली जगभर इतरांनीं वापरली. मुक्त लिखाणांत अशी उसनवारी चालतेच, आणि उसनें फेडण्याचा तगादा लागत नाहीं.

गंमत अशी, कीं इतकी कीर्ति झाली तरी करणाऱ्यांच्या दृष्टीनें वस्तु अपुरीच होती. आवृत्तीचा आंकडा वर्षानुवर्षें शून्याच्या पुढें सरकेना. ‘एक’ असा पूर्णांक लागला तो ७ जुलै २००९ रोजीं! व्यापारी कंपनीनें पहिल्याच दिवशीं तो लावला असता. मुखडा मात्र कधींच देखणा नव्हता; खिडक्या, बटनें, पर्याय यांची रचना पाहून नवखा माणूस गोंधळावा अशीच ती राहिली.

विद्यार्थी पदव्या घेऊन निघून जातात; विद्यालयाच्या प्रकल्पाला हा शाप असतोच. व्हीएलसीवरहि तशी वेळ येऊं पाहत होती. जाँ-बाप्तिस्त केंफ या त्याच विद्यालयाच्या विद्यार्थ्यानें तेव्हां कामाची धुरा घेतली, आणि पुढें व्हिडिओलॅन ही नफा न घेणारी स्वतंत्र संस्था झाली. त्याच्या कारकीर्दींतील सर्वांत कष्टाचें काम संगणकासमोरचें नव्हतेंच. २०११ च्या जानेवारींत ॲपलच्या दुकानांतून व्हीएलसी काढून टाकण्यांत आलें. त्या दुकानाच्या अटी आणि जीपीएलच्या अटी परस्परविरुद्ध आहेत, अशी तक्रार व्हीएलसीच्याच एका लेखकानें केली होती. तक्रार तत्त्वाला धरून होती. यावर उपाय म्हणजे आज्ञावलीच्या गाभ्याचा परवाना थोडा सैल करणें. पण तो करावयाचा कोणी? ज्यानें दहा ओळी लिहिल्या तोहि त्या दहा ओळींचा धनी होता. म्हणून गेल्या दशकभरांत ज्यांनीं ज्यांनीं हातभार लावला, अशा शेंकडों लोकांना शोधून, पत्रें लिहून, एकेकाची अनुमति मिळवावी लागली. कांहींचे पत्ते बदललेले, कांहींनीं हा व्यवसायच सोडलेला. २०११ च्या अखेरीपासून २०१२ च्या अखेरीपर्यंत हें काम टप्प्याटप्प्यानें पुरें झालें, आणि २०१३ च्या जुलैंत व्हीएलसी त्या दुकानांत परतलें. एका मालकाच्या सहीनें एका दुपारीं झालें असतें, त्याला असे श्रम पडले; परंतु याच कारणामुळें तें एका सहीनें विकलेंहि गेलें नाहीं.

विकत घेणारे आले नव्हते असें नाहीं. जाहिराती घालण्याच्या बदल्यांत कोट्यवधि युरो देऊं करणारे येऊन गेल्याचें केंफनें अनेक मुलाखतींत सांगितलें आहे. त्यानें नकार दिला. २०१८ सालीं फ्रान्सच्या सरकारनें त्याला राष्ट्रीय गुणगौरवाचें पदक दिलें. २०१९ च्या जानेवारींत व्हीएलसीच्या उतरवून घेतलेल्या प्रतींची संख्या ३ अब्जांवर गेल्याचें जाहीर झालें, आणि २०२५ च्या जानेवारींत ६ अब्जांवर. कोणी काय पाहिलें, किती वेळ पाहिलें, याची टांचणें काढून कोणाकडे धाडण्याचा उद्योग ही आज्ञावली करीत नाहीं. घरगुती चित्रणाच्या बाबतींत हा गुण लहान समजूं नये.

हिंदुस्थानांत या इतिहासाला एक विचित्र प्रकरण जोडलें गेलें. २०२२ च्या फेब्रुवारीच्या सुमारास येथील अनेक जोडण्यांवर व्हिडिओलॅनचें संकेतस्थळ उघडेनासें झालें. कारण जाहीर झालें नाहीं. संस्थेलाहि पूर्वसूचना मिळाली नव्हती. त्याच वर्षाच्या एप्रिलांत, कांहीं चिनी हेरगिरी करणाऱ्यांनीं व्हीएलसीच्या खऱ्या प्रतीच्या शेजारीं आपली विषारी फाइल ठेवून घुसखोरी केल्याचें एका सुरक्षाकंपनीनें प्रसिद्ध केलें, आणि लोकांनीं दोहोंचा संबंध जोडला. खोट्या शिपायाला खऱ्या शिपायाचा डगला मिळाला, म्हणून शिप्यालाच कोंडण्यासारखा हा तर्क होता! ऑक्टोबरांत इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या दिल्लीच्या संस्थेच्या साह्यानें व्हिडिओलॅननें संबंधित सरकारी खात्यांना कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबरच्या मध्यास बंदी उठली.

बंदीचा त्रास झाला तो निराळ्याच रीतीनें. मूळ ठिकाण बंद झाल्यावर अजाण माणूस शोधीत शोधीत कोणत्याहि आडवळणाच्या संकेतस्थळावर जाणार, आणि तेथें मिळणारी प्रत शुद्ध असेलच असें नाहीं. परंतु ज्यांच्या संगणकांवर व्हीएलसी आधींच होतें, त्यांचें कांहींच अडलें नाहीं. उघडतांना तें कोणाची परवानगी विचारीत नाहीं. आणि एका घरांतली प्रत पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या घरीं देणें यांत चोरी नव्हती. तो हक्क परवान्यानेंच प्रत्येकाच्या पदरीं घातलेला आहे. त्या नऊ महिन्यांतहि कोठें कोठें लग्नाच्या तबकड्या निघाल्या असतील, आणि शेजारच्या मुलानें खिशांतून आणलेल्या प्रतीवर त्या पाहिल्या गेल्या असतील.

शंकूची गोष्ट तेवढी राहिली. वसतिगृहांतलें जाळें सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या मुलांना रस्त्यावरचे शंकु उचलून आणण्याचा नाद होता. रात्रीं मेजवानीहून परततांना कोणीतरी एक घेऊन येई, आणि त्यांच्या खोलींत असल्या शंकूंची रास पडली होती. आज्ञावलीला चिन्ह हवें झालें तेव्हां समोर तेंच होतें. चित्राशीं, ध्वनीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, म्हणून जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. पण शंकु हलला नाहीं. डिसेंबरच्या उत्तरार्धांत त्यावर नाताळबाबाची लाल टोपी दिसते, आणि वर्ष पालटलें कीं ती आपोआप उतरते.